साडेपाच तासांचं दुखणं

आमच्या कॉम्प्युटरला साडेपाच तासांचं दुखणं जडलं होतं. सकाळी नऊला सुरू करावा, तर हा आपला पहाटेचे साडेतीन दाखवून मोकळा! अशाच एका सकाळी मी धाकट्या बहिणीला भाच्याच्या मुंजीबद्दल ई-मेल धाडली. दहा मिनिटांत तिचा फोन. "दादा, पहाटे साडेतीनला मेल लिहीत बसतोस? झोप लागत नाही का? बी.पी. तपासलंस का?" मुंज राहिली बाजूला, अर्धा तास माझ्या बी.पी.वर खर्ची पडला.

मशीन दुकानात नेलं. "बॅटरी गेली," दुकानदार म्हणाला. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालावं म्हणून. ती बदलली. दुखणं कायम. पुन्हा बदलली. तिसऱ्या खेपेला त्याने मशीन न उघडताच निदान केलं, "मदरबोर्ड गेला काका. आता नवीनच घ्या."

इथे माझं डोकं फिरलं. अहो, बॅटरी मेली तर घड्याळ मागे पडेल, नाहीतर भलत्याच सालात जाऊन बसेल. पण दररोज नेमके साडेपाच तास? एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही? ग्रिनिचची वेळ आणि आपली वेळ यांत साडेपाच तासांचं अंतर, हे आम्हाला शाळेत छडीच्या धाकाने पाठ करायला लावलं होतं. हे दुखणं हार्डवेअरचं नव्हतंच. भूगोलाचं होतं!

त्याचं असं आहे. मी या एका मशीनवर दोन बिऱ्हाडं ठेवली आहेत. एक विंडोज, कारण सोसायटीचा हिशेब त्यावाचून चालत नाही. दुसरं लिनक्स, माझ्या हौसेखातर. 1984 साली आयबीएमच्या पीसी-एटीत बॅटरीवरचं घड्याळ आलं, तेव्हा त्यात सरळ स्थानिक वेळ ठेवायची रीत होती. विंडोज तीच रीत आजही पाळतं. युनिक्सवाल्यांचा खाक्या निराळा. त्यांचे सेकंद 1 जानेवारी 1970 पासून मोजायचे, तेही ग्रिनिचच्या हिशेबाने. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते याच वळणावर.

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. मुद्दाम. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा वजा करतो. एकदा आलेल्या पाहुण्यांनी उपकार म्हणून ते 'बरोबर' लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माझी लोकल चुकली. लिनक्स हा तसला पाहुणा. इंटरनेटवरून बिनचूक वेळ आणतं, ग्रिनिचची करून घड्याळात लिहितं आणि निघून जातं. मागाहून विंडोज येतं नि तीच वेळ पुण्याची समजतं. दोघंही आपापल्या परीने बरोबर. मदरबोर्ड बिचारा निरपराध!

आधी मी लिनक्सलाच सांगून पाहिलं, की बाबा, तू स्थानिक वेळ पाळ. त्याने ऐकलं; पण 'टाइमडेट-सीटीएल' ही आज्ञा देऊन वेळ विचारली की दर वेळी खाली इशारा छापायचं, ही पद्धत चांगली नव्हे. सासूबाई सुनेच्या हातची आमटी खातात, पण बोलल्यावाचून राहत नाहीत, तसं. शेवटी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइम-इज-युनिव्हर्सल' नावाची नोंद करून तिच्यापुढे 1 लिहिला. दुखणं गेलं. खर्च शून्य. रात्री अडीच, हे मात्र खरं. (तेवढी एक रात्र बहिणीचं म्हणणं बरोबर होतं.)

"एवढ्यासाठी तीन रात्री घालवल्यात?" सौभाग्यवतींनी विचारलं. "बाबा, तेवढ्या वेळात नवीन लॅपटॉप घरी आला असता," चिरंजीव. मला रिकामटेकडा म्हणा, माझी हरकत नाही. पण धडधाकट मशीन भंगारात काढायला निघालेल्या माणसाला 'तज्ज्ञ' म्हणू नका. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार संपला, तेव्हा आमच्या इमारतीतली दोन चालती मशिनं अशीच जिन्याखाली आली. दोष काय, तर विंडोज 11 च्या अटीत ती बसत नव्हती. एकावर मी लिनक्स चढवलं. वॉचमनची मुलगी आता त्यावर अभ्यास करते. दुसरं मी पोहोचण्याआधीच रद्दीवाल्याने वजनावर नेलं. वजनावर! वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवून!

दुकानदाराकडे मुद्दाम गेलो. सगळं समजावून सांगितलं, ग्रिनिचसकट. तो शांतपणे म्हणाला, "काका, एवढं बघत बसलो तर दुकान कधी चालवू?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही शोधतो आहे.

दरम्यान, त्या तीन रात्रींत मी आणखी कशाला तरी हात लावला असावा. कारण लिनक्समध्ये गेलं की आता आवाज येत नाही. दुकानदाराला कळवलेलं नाही. तो स्पीकर गेला म्हणेल.