विचारणारा कोण?

मानसिक आजारावरच्या संशोधनात रुग्णाने फक्त फॉर्मच भरायचा का? लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये काम केलेल्या डायना रोझ यांनी स्वतः शॉक घेतले होते. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत शॉकवरचे आधीचे अभ्यास पुन्हा तपासले. डॉक्टरांच्या अभ्यासांत रुग्ण बरेच समाधानी दिसत होते. रुग्णांनी केलेल्या अभ्यासांत तितके नाही! उपचारानंतर लगेच, दवाखान्यातच, डॉक्टरांनीच विचारलं तर माणूस "बरं वाटतंय" असंच म्हणणार ना? किमान एक तृतीयांश लोकांना स्मरणशक्तीचा त्रास नंतरही राहिला होता.

शॉक वाईटच, असं मी म्हणत नाही. कित्येकांना त्याने फरक पडतो. पण काय, कधी आणि कोणी विचारायचं, हे ठरवताना रुग्ण पहिल्या बैठकीपासून हवा. शेवटी सहीपुरता नको.