बुडीत गहाणाचे अलंकार

अमेरिकेच्या ॲरिझोना व न्यू मेक्सिको या प्रांतांत नावाहो लोकांनी घडविलेल्या चांदीच्या व पिरोजाच्या जुन्या अलंकारांचा संग्रह करणाऱ्या रसिकांमध्ये, ज्या नगास ‘बुडीत गहाण’ ही ख्याती चिकटली त्याचे मोल एकदम चढते, ही रीत मला उत्तरोत्तर सलू लागली आहे.

१८६४ मध्ये लष्कराने ज्यांना शेकडो मैल पायी हाकलीत नेले आणि १८६८ च्या तहानंतरच ज्यांना आपल्या भूमीत परतता आले, त्या लोकांनी मेक्सिकन कारागिरांपासून घेतलेली विद्या डॉलर आणि पेसो वितळवून आत्मसात केली, आणि पुढे कंठा, कंकण, कमरपट्टा हेच त्यांचे संचित धन झाले. दुकानदाराकडून पीठ, कॉफी, कापड उधार न्यावे, तारण म्हणून दागिना ठेवावा आणि वसंतात लोकर, शरदात कोकरे विकून तो सोडवावा, असा क्रम होता; मुदत टळली की गहाण बुडीत ठरून नग विक्रीस निघे. ज्या ख्यातीचे आपण कौतुक करतो ती एखाद्या घराच्या पडत्या वर्षाची नोंद आहे.

असे एखादे कंकण हाती घेऊन पाहावे. आतली कड मनगटावर झिजून गुळगुळीत झालेली असते, ठशांच्या खाचांत काळिमा बसलेला असतो, आणि पिरोजाचा खडा सच्छिद्र असल्यामुळे वर्षानुवर्षे अंगचे तेल मुरून त्याचा निळा रंग हिरवटाकडे झुकलेला असतो. हा काळिमा घासून नग लखलखीत करणारा मनुष्य त्या मनगटाची साक्षच पुसून टाकतो.

१८९९ च्या सुमारास फ्रेड हार्वे कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलके नग घडवून घेण्यास प्रारंभ केल्यानंतरही जुने वजनदार काम टिकले, यात संग्राहकांचा वाटा आहे, हे मी मुक्तकंठाने मान्य करतो. बनावट माल मूलनिवासींचा म्हणून विकणारास १९९० च्या कायद्याने अडीच लाख डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली, हेही योग्यच झाले. परंतु त्याने रक्षण झाले ते घडविणाराच्या नावाचे. गहाण ठेवणाराचे नाव असलेच तर नगास दोऱ्याने बांधलेल्या मळकट चिठ्ठीवर असते. ती चिठ्ठी संग्राहकाने दस्तऐवजासारखी जपावी, आणि त्या घराण्यातील कोणी विचारीत आला तर आपण मोजली तेवढीच रक्कम घेऊन नग त्याच्या स्वाधीन करावा.