सेंद्रिय शिक्क्याच्या आधी सातबारा

उमरेडच्या बाजारात आजूबाजूच्या खेड्यातली म्हातारी पोत्यावर अंबाडीच्या जुड्या मांडून बसते. तिच्या भाजीवर कुठलाही शिक्का नसतो. पन्नासेक किलोमीटरवर नागपुरातल्या मोठ्या दुकानात तीच भाजी पाकिटात, हिरव्या शिक्क्यासह, कितीतरी जास्त भावाने विकली जाते. आपले काही शिकलेले मित्र म्हणतात, शिक्का असेल तरच खरं. दुसरे म्हणतात, शिक्का म्हणजे धंदा, घरचं ते शुद्ध. आम्हाला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

आधी हा शिक्का काय सांगतो ते पाहू. भारतात सेंद्रिय प्रमाणीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला, तो वाणिज्य मंत्रालयाखाली. त्याचं काम 'अपेडा' ही निर्यातवाढीची संस्था पाहते. म्हणजे ही व्यवस्था जन्मली ती परदेशी गिऱ्हाइकासाठी. तिच्यात हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं 'रूपांतरणाचा काळ' धरतात. तेवढा काळ रासायनिक खत-औषध बंद, पण माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. शेताचा नकाशा, बियाण्याची पावती, रोजच्या कामाची वही, शेजारच्या शेतापासून सोडलेला पट्टा, वर्षातून एकदा तपासणी आणि तपासणीची फी, हे सगळं शेतकऱ्याने सांभाळायचं.

याचा अर्थ एवढाच की ठरलेली पद्धत पाळली, असं कागद आणि तपासनीस सांगतात. पाकिटातली प्रत्येक जुडी प्रयोगशाळेत गेली, असा त्याचा अर्थ होत नाही. ती जास्त पौष्टिक आहे, असाही होत नाही. आणि हा कागद चुकू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने अपेडासोबतची मान्यतेची व्यवस्था संपवली, कारण इथल्या देखरेखीवर त्यांचा विश्वास राहिला नाही.

मग घरचं ते शुद्ध का? तेही आपोआप नाही. परसातल्या वांग्यावर शेजारच्या कपाशीचा फवारा वाऱ्याने येतो. खाणीजवळच्या वस्तीत पानावर कोळशाची धूळ बसते. युरियाची उरलेली गोणी घरच्या वाफ्यातही रिकामी होते. परंपरेने चालत आलं म्हणून, ग्रंथात लिहिलं म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं. हा नियम प्रमाणपत्राला लागतो, तसाच 'आजीच्या हातच्या'लाही लागतो.

पण तपासायचं म्हटलं की आपल्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो जमिनीचा. प्रमाणपत्र भाजीला मिळतं असं वाटतं, प्रत्यक्षात ते जमिनीच्या तुकड्याला चिकटलेलं असतं. गट क्रमांक कुठला, क्षेत्र किती, धारक कोण? ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो या दारातून आत कसा जाणार? आपल्या वस्त्यांतली किती कुटुंबं दुसऱ्याचं वावर बटईने किंवा मक्त्याने करतात, तेही एका वर्षाच्या तोंडी बोलीवर! दोन-तीन वर्षं जमीन सुधारायची आणि चौथ्या वर्षी मालकाने ती काढून घ्यायची, हा सौदा कोण करेल? गायरान कसणाऱ्याकडे खताला पैसा नसतो म्हणून त्याचं पीक अनेकदा खरोखर बिनरासायनिक असतं. तरी कागदावर तो शेतकरीच नसतो, मग सेंद्रिय शेतकरी कुठून होणार?

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल, अवजारं आणि श्रम किती लागतात यावर ठरतं, हा त्यातला मुद्दा आजही लागू आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग दिला. दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात या दोन्हींचा लाभ किती घरांना मिळाला, हे आपल्यापैकी किती जणांनी तहसीलमध्ये आणि समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारलं?

दुसरा प्रश्न मजुराचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. सेंद्रियवाला ग्राहक ताटातल्या विषाच्या कणाला घाबरतो. ते बरोबरच आहे. पण त्याच विषाचा पंप पाठीवर घेणारा माणूस त्याच्या चर्चेत कुठे असतो? आपल्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन सांगतं, माल कुठला. सेंद्रिय शिक्का सांगतो, कसा पिकवला. तो तोडणाऱ्या बाईला रोजी किती पडली, हे दोन्हींपैकी कुठल्याच शिक्क्यावर वाचता येत नाही.

आणि 'शुद्ध', 'सात्विक' या शब्दांपासून सावध राहा. सेंद्रियच्या जाहिरातीत ते फार सहज येतात. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांनी अन्नाची शुद्धता त्याच तराजूत का तोलावी? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' वाचा. ज्या अन्नाला स्वयंपाकाच्या पुस्तकांनी जागा दिली नाही, ते काय होतं ते कळेल. आपण 'विषमुक्त' म्हणू, 'सुरक्षित' म्हणू. हे शब्द मोजता येतात. शुद्धता मोजता येत नाही, ती फक्त लादता येते.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, कायदा माहीत करून घ्या. अन्नसुरक्षेच्या २०१७ च्या नियमांनुसार वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान उत्पादक आपला सेंद्रिय माल थेट ग्राहकाला प्रमाणपत्राशिवाय विकू शकतो. फक्त 'जैविक भारत'चं चिन्ह त्याला वापरता येत नाही. म्हणजे बाजारातली ती म्हातारी बेकायदा नाही.

दुसरी गोष्ट, पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत. यात किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. खर्च कमी आहे. पण गावात कोण कुणाच्या बांधावर जातो आणि कोण कुणासाठी सही करतो, हे जातीवर ठरतं. गट दुसऱ्यांनी केला तर आपण शेवटचं नाव असू, किंवा नसूच. म्हणून ज्यांच्याकडे थोडी का होईना जमीन आहे, त्यांनी गट आपण करावा. विहारातल्या बैठकीत दर महिन्याला एक तास यासाठी ठेवता येईल.

तिसरी गोष्ट, मागणी. बटईने कसणाऱ्याची नोंद व्हावी, गायरानधारकाच्या नावे सातबारा व्हावा, आणि सेंद्रियच्या प्रत्येक अनुदानात भूमिहीनाचा वाटा लिहून द्यावा.

परसात चवळी, वांगी, शेवगा जरूर लावा. लेकरांच्या ताटात ताजी भाजी पडेल, चार पैसे वाचतील. पण दोन हात अंगणाला क्रांती म्हणू नका. अंगण मिळालं म्हणून वावराचा हक्क सोडायचा नसतो.

जय भीम.