जबड्याला विमा, दाताला नाही

आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका हाती घेऊन आलेला माणूस प्रथम तेथेच थबकतो. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडातील खडा, कर्करोग अशा व्याधी घेऊन आलेल्याला तेथे वाट दाखविली जाते. परंतु दाढेच्या ठणक्याने तीन रात्री डोळा न लागलेली एखादी शेतमजूर बाई तेथे आली, तर दाढ योजनेत बसत नाही, एवढेच तिला सांगावे लागते. यात आरोग्यमित्राचा दोष नाही. योजनेचा मसुदाच तसा आहे.

महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली. २०१२ मध्ये तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाली. तिने गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कवच दिले. २०२० मध्ये महाराष्ट्राची योजना तिच्याशी जोडली गेली. घरातील एका आजारपणाने जमीन गहाण पडलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणूनच त्यातील उणीव स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे.

या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या आहेत. बाह्यरुग्ण सेवा त्यांच्या कक्षेत येत नाही. दातांच्या बाबतीत तर केंद्रीय योजनेच्या नियमांत वगळणुकीचा स्वतंत्र उल्लेखच आहे. कीड लागलेला दात भरणे, रूट कॅनाल, दातांची झीज, हिरड्यांचे विकार, कृत्रिम दाताचे रोपण हे सारे वगळलेले आहे. अपवाद केला आहे तो अपघाताचा आणि गाठी-अर्बुदांचा, आणि तोही रुग्णालयात राहून हाडावर उपचार करण्याची वेळ आली तर. सरळ मराठीत सांगावयाचे, तर जबडा मोडला किंवा त्यात गाठ झाली की शासन धावून येते. दात किडत असेपर्यंत ते दाराबाहेर उभे असते.

या वगळणुकीमागे एक तर्क आहे, तोही समजून घेतला पाहिजे. क्वचित येणाऱ्या, पण घर बुडविणाऱ्या संकटासाठी विमा उतरविला जातो. दाताची कीड क्वचित नसते आणि एका वेळचा तिचा खर्चही घर बुडविण्याइतका नसतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. ३५ ते ४४ वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात होते. जे जवळजवळ प्रत्येकालाच होणार, त्याचा विमा कोणती कंपनी उतरविणार? हिशेबनिसाच्या वहीत हा तर्क चोख आहे. परंतु सरकार म्हणजे विमा कंपनी नव्हे. शिवाय केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या आरोग्य योजनेत दात भरण्याचे, रूट कॅनालचे, कवळीचेही दर ठरवून दिलेले आहेत. मासिक वेतन घेणाऱ्याचा दात शासनाला दिसतो आणि रोजंदारीवाल्याचा दिसत नाही, या भेदाला कोणता तर्क लावावयाचा?

दात किडण्याचा मार्ग सर्वांसाठी सारखाच असतो, उपचाराचा मात्र नसतो. आरंभी थंड-गरम झोंबते, तेव्हा थोड्या सिमेंटने काम भागते. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल लागते आणि खासगी दवाखान्यात वर टोपी बसविण्यासह त्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. शेतमजुराच्या घरी तेवढी रक्कम एका दाताकरिता काढणे शक्य नसते. मग लवंग, मीठपाणी, औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि अखेरीस दाढ उपटणे. दहा-पंधरा वर्षांत अशा चार-पाच दाढा गेल्या की भाकरी चावता येत नाही, ती कालवणात कुस्करून गिळावी लागते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण सांगणाऱ्याने निदान दोहोंपैकी एक तरी गृहीत धरले होते!

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याला आणखी एक जोड आहे, ती मशेरीची. दाढ दुखते म्हणून भाजलेल्या तंबाखूची पूड हिरडीला लावावयाची, तात्पुरते बरे वाटावयाचे आणि पुढे तीच सवय जन्माची होऊन बसावयाची. असंख्य बायकांची कथा हीच आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असतानाची ही स्थिती होती. तोंडातील पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम सर्वप्रथम कोणाच्या नजरेस पडते? दंतवैद्याच्या. पण दंतवैद्याकडे जाण्याचे कारणच योजनेने काढून घेतले आहे. त्यामुळे तीच स्त्री पुढे गाल किंवा जबडा कापून काढण्याच्या अवस्थेत रुग्णालयात येते आणि तेव्हा तिच्यासाठी हजारो रुपये मंजूर होतात. जो पैसा आधी वाचविला म्हणावयाचा, तो असा कितीतरी पटींनी बाहेर पडतो. आणि त्या स्त्रीचा चेहरा जातो तो वेगळाच.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये डिमाँटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा किडलेल्या दातातील जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचल्याने दगावला. तो दात वेळीच काढावयास सुमारे ८० डॉलर लागले असते. मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील वास्तव्य यांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या आसपास गेला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. मेडिकेड या गरिबांच्या योजनेत मुलांना दंतसेवा देणे तेथे कायद्यानेच बंधनकारक होते. परंतु अल्प दरात असे रुग्ण घ्यावयास तयार असलेले दंतवैद्य थोडे होते आणि त्या कुटुंबाची पात्रताही मध्येच खंडित झाली होती. म्हणजे यादीत दात लिहिला की काम संपले, असे नव्हे.

आपल्याकडे उलट धोकाही आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात काही राज्यांत अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया करून पैसे उकळल्याची प्रकरणे २०१२ च्या सुमारास उजेडात आली होती. प्रत्येक दाढेमागे रक्कम मिळू लागली, तर निरोगी दाढांवरही पक्कड पडणार नाही, याची हमी कोण देणार? थायलंडने यावर उपाय शोधला आहे. २००२ पासूनच्या तेथील सार्वत्रिक योजनेत दात काढणे, भरणे, साफ करणे आणि साधी कवळी या सेवा समाविष्ट आहेत. त्या प्राधान्याने सरकारी रुग्णालयांतून दिल्या जातात आणि बाह्यरुग्ण सेवेसाठी त्यांना माणशी ठरावीक रक्कम मिळते. दात उपटल्याने उत्पन्न वाढत नाही, मग उपटण्याची घाई कोण करील? आपल्याच देशात कर्नाटकाने दंतभाग्य आणि केरळने मंदहासम या योजनांतून गरीब वृद्धांना विनामूल्य कवळ्या दिल्या आहेत. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि तेथून दरवर्षी हजारो तरुण पदवीधर बाहेर पडून शहरांत एकमेकांशेजारी दवाखाने थाटतात. गडचिरोलीच्या रुग्णाने नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत सुमारे १७० किलोमीटर जावयाचे आणि पदवीधराने मात्र तालुक्याच्या गावी जावयाचे नाही, ही व्यवस्था कोणी ठरविली? तालुक्याच्या रुग्णालयात दंतवैद्य नेमून दात काढणे, भरणे, साफ करणे व तोंडाची तपासणी एवढ्या चारच सेवा माणशी ठरावीक रकमेवर योजनेत आणता येतील. त्याला ५ लाखांच्या कवचाची आवश्यकता नाही.

तोवर जे उपलब्ध आहे, ते तरी कुटुंबांना ठाऊक असावे. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क झाले आहेत, त्यासाठी योजनेचे कार्डही लागत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीस येतात, त्यात दातही पाहिले जातात. कीड आढळली की मुलाला संदर्भचिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे, तर आईचा किंवा बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, दोघांचे एसटीचे भाडे पडते, आणि दाढ त्या दिवशी दुखत नसते. चिठ्ठी दप्तरातच राहते.