मोटारींचें प्रदर्शन आणि आपली प्रतिष्ठा

दिल्लीच्या प्रगति मैदानावर २००८ च्या जानेवारींत मोटारींचें प्रदर्शन भरलें होतें. त्याच मैदानावर पुढें भारत मंडपम् ही वास्तु उभी राहिली आणि २०२५ च्या जानेवारींत तेथें पुन्हा नव्या गाड्यांचा थाट मांडला गेला. मधल्या सतरा वर्षांत यंत्रविद्या पुष्कळच पुढें गेली, यांत संशय नाहीं. परंतु मोटारीपाशीं आपण मागतों काय, यांत जो पालट झाला तो आम्हांस तितकासा रुचत नाहीं. आणि आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं व त्यांच्या पालकांनीं त्याचा थोडा विचार करावा असें वाटतें.

२००८ सालच्या प्रदर्शनांत ज्या गाडीभोंवतीं झुंबड उडाली ती टाटांची नॅनो होय. १० जानेवारी रोजीं रतन टाटा स्वतः ती चालवीत व्यासपीठावर आले. पावसांत एकाच स्कूटरवर दाटीवाटीनें जाणारें कुटुंब पाहून या गाडीची कल्पना सुचली, असें ते सांगत. किंमत एक लाख रुपये, कर वेगळा. एवढ्याशा रकमेंत चार चाकें व डोक्यावर छप्पर द्यावयाचें म्हणजे अभियंत्यांच्या बुद्धीची कसोटीच. दोन सिलिंडरांचें, ६२४ घनसेंटिमीटरचें लहानसें इंजिन त्यांनीं मागच्या बाजूस बसविलें. समोरची कांच पुसावयास दोहोंऐवजीं एकच वायपर ठेविला. चाकें चारांऐवजीं तीन नटांनींच आवळलीं. सर्वांत स्वस्त नमुन्यास आरसा एकच, तोही चालकाच्या बाजूस. मागचें दार उघडण्याची सोयच प्रथम नव्हती. सामान आंतून ठेवावें लागे. गाडी लांबीस दहा फुटांहून थोडीशीच अधिक; पण आंत चार माणसें पाय आखडून न घेतां बसत. झगमगाट करणें पैशाचें काम आहे. एकेक नट वाचवून गाडी उभी करणें हें विद्येचें काम आहे, आणि शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं कौतुक करावयाचें तर याचें करावें.

मग अशी गाडी टिकली कां नाहीं? कारणें अनेक आहेत. पश्चिम बंगालमध्यें सिंगूर येथें जमिनीचा तंटा विकोपास जाऊन २००८ च्या ऑक्टोबरांत कारखाना गुजरातेंत साणंद येथें न्यावा लागला. कांहीं गाड्यांनीं पेट घेतल्याच्या वार्ता पसरल्या. २०१४ सालीं धडकेच्या परीक्षेंत तिला एकही तारा मिळाला नाहीं, आणि हा दोष कोणत्याही काटकसरीनें झांकतां येण्यासारखा नव्हे. तथापि २००९ सालीं दोन लाखांवर मागण्या नोंदविणारा समाज पुढें तिच्याकडे पाठ फिरविता झाला, त्यास आणखी एक कारण होतें. ‘सर्वांत स्वस्त’ हें बिरुद तिच्या कपाळीं चिकटलें होतें. त्या शब्दानें गाडीचें नुकसान केलें, असें रतन टाटांनींही पुढें उघडपणें बोलून दाखविलें. स्कूटर विकून मोटार घेणाऱ्यास पाऊस चुकवावयाचा होताच; पण शेजाऱ्यानें ‘स्वस्तांतली घेतली’ म्हणावें, हें त्यास पावसाहून दुःसह झालें! २०१८ च्या सुमारास तिची निर्मिति थांबली.

आतां २०२५ चें प्रदर्शन पाहा. तेथें मान विजेवर चालणाऱ्या गाड्यांना होता. ह्यूंदाईची विजेवरील क्रेटा अठरा लाखांच्या आसपासच्या आरंभींच्या किमतीस जाहीर झाली. मारुति सुझुकीची ई-व्हिटारा व टाटांची हॅरियर, या सर्व उंच, रुंद, छाती काढून उभ्या. या गाड्या धूर सोडीत नाहींत व आवाज करीत नाहींत, हा त्यांचा मोठाच गुण आम्ही मनापासून मानतों. त्यांच्या सुरक्षिततेसही नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु बॅटरी तळाशीं पसरलेली, तिचें ओझें भारी, आणि वर गाडीचा डौलही राखावयाचा; मग एका मुलास शाळेंत सोडावयास दीड टनाच्या घरांत धातु रस्त्यावर फिरवावा लागतो. सकाळीं कोणत्याही शहरांतील शाळेच्या फाटकाशीं उभें राहून पाहावें, म्हणजे दोन गाड्यांनीं अडलेल्या रस्त्यांतून सायकलवाला विद्यार्थी कसा वाट काढतो तें दिसेल.

सरकारचीही दृष्टि येथें जरा विचित्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील व लहान इंजिनाच्या पेट्रोलगाडीस १८ टक्के कर आणि मोठीस ४० टक्के, अशी विभागणी झाली. लहान गाडीस उत्तेजन देणारी ही योजना आम्हांस योग्य वाटते. विजेच्या गाडीस मात्र लहान असो कीं अगडबंब, कर ५ टक्केच. पेट्रोलच्या गाडीची लांबी मोजणारी फूटपट्टी विजेच्या गाडीपाशीं येतांच खिशांत कां जावी?

कोणी म्हणतील, लहान गाडी म्हणजे जिवाशीं खेळ. नॅनोचा दाखला त्यांच्या बाजूस आहे खरा. पण टाटांच्याच नेक्सॉन या गाडीनें २०१८ सालीं पांच तारे मिळविले, आणि तीही चार मीटरांच्या आंतच आहे. भक्कम सांगाडा व हवेच्या उशा यांस उंचीची गरज नसते. गरज असते ती गिऱ्हाइकानें त्यांची चौकशी करण्याची. विक्रेत्यास प्रथम पडद्याचा आकार विचारणारे पालक आम्हीं पुष्कळ पाहिले. ताऱ्यांची संख्या विचारणारे थोडे.

त्याच प्रदर्शनांत पुण्याच्या वायवे मोबिलिटी या मंडळीनें ईव्हा नांवाची एक चिमुकली गाडी मांडली होती. पुढें एकटा चालक, मागें एक मोठें माणूस व एक मूल. लांबी जवळजवळ नॅनोइतकीच. छपरावर सूर्याच्या उन्हांतून वीज घेणाऱ्या पट्ट्या. त्या वेळीं सांगितलेली किंमत सव्वातीन लाखांपासून पुढें. छपरावरील उन्हानें सगळा प्रवास भागत नाहीं, उरलेली वीज घरच्या तारेंतूनच घ्यावी लागते, हें ध्यानांत ठेवून तिचें मोल करावें. धडकेंत ती कशी टिकते, हेंही रोखठोक विचारावें. मात्र तिची उंची पाहून कोणी हंसूं लागला, तर त्यास आधीं एवढेंच विचारावें कीं, बाबा रे, तुझ्या गाडींत रोज बसतात तरी किती जण?