पुराचा हिशेब सगळ्यांसमोर मांडूया

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर रोज एक आकडा फिरतो: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पूर ओसरला की तो मेसेज पुसला जातो आणि 'पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की अतिवृष्टीमुळे' हा वाद तेवढा उरतो.

आवाज चढवून तो मिटणार नाही. पाऊस, धरणांचा विसर्ग, नदीची पातळी यांचे तासातासाचे आकडे खुले हवेत. त्यावरून पुराचं गणित मांडणारं मॉडेलही खुलं हवं. मग शिवाजी विद्यापीठातला विद्यार्थी आणि कर्नाटकातल्या विजयपूरचा अभियंता एकच गणित पुन्हा करून पाहतील आणि चूक असेल तिथे बोट ठेवतील.

साधनं हाताशी आहेत. नकाशे करायला क्यूजीआयएस मोफत आहे. युरोपचा सेंटिनेल-1 उपग्रह ढगांआडूनही पसरलेलं पाणी टिपतो आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. पण तो काही दिवसांनी एकदा वरून जातो आणि कोल्हापूरच्या सुतारवाड्यात पाणी गुडघ्याला होतं की छातीला, हे त्याला कळत नाही. ते आपणच सांगायचं आहे.

म्हणून भिंतीवरची पुराची खूण रंग देण्याआधी मोजा. टेप लावून फोटो काढा. रस्त्यापासूनची उंची, ठिकाण आणि तारीख लिहा. शाळांनी पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठला वाचावा. पाऊस नसेल तर शून्य लिहावं. कोरी जागा सोडली तर पाऊस नव्हता की नोंद राहिली, हे पुढे कुणालाच कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आपला ओढा, आपली बोळ दाखवा. लोकांची नावं आणि फोन नंबर मात्र कुठेही टाकू नका.

ग्रामसभेत ठराव करा: मागच्या वर्षांचे विसर्ग आणि पातळ्या फोटोत नकोत, तक्त्यात द्या. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सरकारी कार्यालयांना माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. आपल्या गणितावर विसंबून पुरात घरात थांबू नका. स्थलांतराची सूचना आली की निघा.

यंदाचा पाऊस लागण्याआधी आपल्या गल्लीतली एक तरी खूण मोजा, आणि ती नोंद सगळ्यांसाठी खुली करा.