रोज्यात पेशी काय जाळतात?

सहरीला खाऊन आठ-दहा तास होतात, तरी हृदय धडधडते, मेंदू चालतो. मुलांनी विचारले, हे चालते कशावर? ग्लुकोजवर. पेशीद्रवात त्याच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. पुढे तंतुकणिकेत ऑक्सिजनच्या मदतीने त्यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनते. चुलीसारखा भडका नाही. ऊर्जा टप्प्याटप्प्याने सुटते आणि तिचा बराचसा भाग एटीपी या रेणूत बांधला जातो.

पोट रिकामे झाले की यकृत आपल्याजवळचे ग्लायकोजेन मोडून ग्लुकोज पुरवते. हळूहळू चरबीही जास्त जळू लागते. स्नायूंना ती चालते, मेंदूला थेट चालत नाही.

आमचे अब्बा इन्सुलिन घेतात. गेल्या रमजानमध्ये असरच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, बोलणे अडखळले. साखर तपासली तर 58. डॉक्टरांनी बजावले होते, 70च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा. अब्बा ऐकेनात, “तासाभराचा तर प्रश्न आहे!” अम्मीने काही न बोलता साखरेच्या पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांनी ते नीट बोलू लागले, आणि पहिले रागावले ते अम्मीवरच.